औषधांचा अतिरेक आणि श्रमिकांचे आरोग्य

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



यंत्रमागावर बारा तास उभा राहिलेला कामगार पाठ धरली म्हणून नाक्यावरच्या दवाखान्यात जातो. दोन मिनिटांत तपासणी आटोपते. एक इंजेक्शन, तीन रंगांच्या गोळ्या, एक ताकदीची बाटली, आणि जमल्यास एक सलाईन. त्या चिठ्ठीपायी दिवसाची मजुरी खर्ची पडते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच मागापुढे उभा असतो. पाठीचे दुखणे बारा तासांच्या पाळीतून आले आहे, ही एक गोष्ट मात्र त्या चिठ्ठीवर कोठेही लिहिलेली नसते.

आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. औषधांवर अवाजवी भिस्त ठेवणे हा केवळ व्यक्तीच्या अज्ञानाचा दोष नव्हे. ज्या समाजव्यवस्थेत विश्रांती, सकस अन्न व शुद्ध पाणी मिळणे दुरापास्त असते, त्या व्यवस्थेत गोळी हीच सर्वांत सहजपणे विकली जाणारी वस्तू ठरते. तामिळनाडूतील वस्त्रोद्योगात मासिक पाळीच्या वेदनांनी हैराण झालेल्या स्त्री-कामगारांना पर्यवेक्षक रजेऐवजी बिननावाच्या गोळ्या देत असत, हे २०१९ साली एका वृत्तसंस्थेच्या तपासातून उघडकीस आले. तेथे तर डॉक्टरच्या चिठ्ठीचीही गरज भासली नाही. रोग बरा करणे हा त्या गोळीचा उद्देश नव्हता. यंत्र थांबू नये, हा होता.

औषधाचे सामर्थ्य आणि मर्यादा

वैद्यकशास्त्राचा उपहास करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ साली एका महत्त्वाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाटीवाटीच्या घरात राहून, अपुऱ्या आहारावर, परंतु नियमितपणे औषध घेणारे गरीब रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीने बरे होतात, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. योग्य औषध योग्य मुदतीपर्यंत घेतल्यास ते गरिबाचे प्राण वाचवते. क्षय, मधुमेह, रक्तदाब, अपस्मार अशा विकारांवर चालू असलेले औषध डॉक्टरच्या सल्ल्यावाचून बंद करणे हा आत्मघात होय. प्राचीन विद्येच्या नावाखाली चालणारी भोंदूगिरी हा तर औषधांच्या अतिरेकावरील उपायच नव्हे. तो त्याच बाजारातील दुसरा गाळा आहे.

परंतु औषधाची मर्यादाही शास्त्रानेच दाखवून दिली आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, असे धान्य मिळालेल्या कुटुंबांत क्षयाची नवी लागण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळली. मद्रासने सिद्ध केले की आजारी माणसाला औषध बरे करते. झारखंडने सिद्ध केले की त्याच्या बायकामुलांना तांदूळ आणि डाळ वाचवतात. ही दोन्ही सत्ये एकत्र धरावी लागतात. त्यांतील दुसरे तेवढे विसरायला लावणे, हे औषधांच्या बाजाराचे काम आहे.

मीठ, साखर आणि पाणी

१९७१ सालचे उदाहरण यासाठी बोलके आहे. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात लोटले असता बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांतून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाणी पाजू लागले. अशा साथीत तीस टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्याही खाली आले.

आज पन्नासहून अधिक वर्षांनंतर काय दिसते? जुलाब झालेल्या बालकाला अनेक ठिकाणी क्षार-साखरेच्या पाण्याऐवजी अनावश्यक प्रतिजैविक दिले जाते. याचे कारण केवळ डॉक्टरचा लोभ, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. पण कर्नाटक व बिहारमध्ये झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे. हे पाणी लिहून न देण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे 'रुग्णाला ते नको असते' हा डॉक्टरांचा समज. आर्थिक लाभ आणि साठ्याची टंचाई ही कारणे त्यामानाने गौण ठरली.

हा निष्कर्ष कार्यकर्त्यांना अंतर्मुख करणारा आहे. बाजार केवळ दुकानात नसतो, तो मनातही ठाण मांडतो. 'सुई टोचली नाही म्हणजे डॉक्टरने काही केलेच नाही' ही भावना श्रमिक वस्तीत सर्वत्र आढळते. पोटासाठी उद्याच कामावर जाणे भाग असलेल्या माणसाची ती भावना आहे. म्हणून तिची टिंगल करून चालणार नाही. तिच्यामागची निकड समजून घेऊनच ती दूर करावी लागेल.

नफ्याचे राजकारण

ही भावना आपोआप निर्माण झालेली नाही. हाथी समितीने १९७५ सालच्या आपल्या अहवालात सांगितले होते की, देशातील बहुसंख्य जनतेच्या गरजा शंभरावर आवश्यक औषधांत भागू शकतात, आणि औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकली जावीत. पुढे घडले ते उलटच. किंमत-नियंत्रणाखालील औषधांची संख्या १९७९ साली ३४७ होती. ती १९८७ मध्ये १४२ वर आणि १९९५ मध्ये ७४ वर आणली गेली. २०१३ मध्ये आवश्यक औषधांची यादी पुन्हा नियंत्रणाखाली आली, परंतु किंमत ठरवण्याचा आधार उत्पादनखर्च हा न राहता बाजारभाव हा झाला.

दुसरीकडे, एकाच गोळीत अनेक द्रव्ये कोंबलेल्या मिश्रणांचा सुळसुळाट झाला. सरकारने २०१६ साली अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली, आणि २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर. म्हणजेच ही मिश्रणे तोवर चिठ्ठ्यांवर लिहिली जात होती आणि गरिबाच्या पोटात जात होती.

अनावश्यक औषधाची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली दूषित ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असा सल्ला दिला. लहान मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. ज्या बाटलीची मुळात गरज नव्हती, तिच्यातून मरण आले.

या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत औषधे खपवण्याचे काम करणारे कामगारही आहेत, ही अभिमानाची बाब होय. वैद्यकीय व विक्री प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाने कंपन्यांच्या विक्रीनीतीला कायद्याचा लगाम घालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवरील खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने अन्य एका प्रकरणात फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. २०२४ साली सरकारने नवी आचारसंहिता आणली, पण तिला कायद्याचे दात दिले नाहीत.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. जनसंघटनांच्या आरोग्य-शिबिरांचे यश कित्येकदा वाटलेल्या गोळ्यांच्या संख्येवर मोजले जाते. टॉनिकच्या बाटल्या वाटून टाळ्या मिळतात. पण वस्तीच्या नळाला येणारे पाणी गढूळच राहते. अशा शिबिरात बाजाराचीच शिकवण नकळत दिली जाते.

शाखेने करण्याजोगी कामे साधी आहेत. औषध कशासाठी, किती दिवस, त्याचे मूळ नाव काय आणि ते न घेतल्यास काय होईल, हे चार प्रश्न डॉक्टरला नम्रपणे विचारण्याची सवय वस्तीत रुजवावी. क्षार-साखरेचे पाणी करण्याची कृती प्रत्येक घरी पोहोचवावी. प्रतिजैविक उरलेल्या चिठ्ठीवरून पुन्हा विकत घेऊ नये, हे पटवून द्यावे. सरकारी दवाखान्यात आवश्यक औषधे आहेत की नाहीत याची नोंद ठेवून, नसल्यास त्यासाठी मोर्चा न्यावा. तामिळनाडूने १९९४ साली औषध-खरेदीसाठी सरकारी महामंडळ स्थापून सार्वजनिक पुरवठ्याचा मार्ग दाखवला आहे. तो अन्यत्रही शक्य आहे.

आणि पाठ दुखणाऱ्या त्या यंत्रमाग कामगारासाठी? त्याला गोळी लागली तर ती शुद्ध, स्वस्त आणि मोजकी मिळाली पाहिजे. पण त्याच्या दुखण्यावरचा खरा उतारा आठ तासांच्या पाळीत आहे, पोटभर अन्नात आहे, पगारी रजेत आहे. तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो संघटनेच्या बळावरच मिळवावा लागतो.