कानांतील ध्वनिवर्धक

घरांतील वडील माणसास कमी ऐकूं येऊं लागलें म्हणजे एक चमत्कारिक अनुभव घरोघर येतो. हळू बोलावें तर ‘जरा मोठ्यानें बोल’ अशी सूचना होते. मोठ्यानें बोलावें तर ‘ओरडतोस कशाला?’ म्हणून कपाळाला आठी पडते. घरच्यांना हा हट्ट वाटतो. ‘सोयीचें तेवढें बरें ऐकूं येतें’ असा टोमणाही कोणी मारतो. वस्तुतः यांत हट्ट नाहीं आणि ढोंग तर नाहींच नाहीं. या तक्रारीचें कारण अंतःकर्णाच्या रचनेंत आहे, आणि तें उलगडावयास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

कानाच्या पडद्यावर आदळलेली ध्वनिलहर तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीनें आंत पोंचते. तेथें गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारें अडीच वेढ्यांची एक नळी असते. ती उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. हा कर्णशंख द्रवानें भरलेला असून त्यांत एक पातळ पडदा लांबीभर पसरलेला असतो. हा पडदा म्हणजे जणूं असंख्य तारांचें वाद्य असून प्रत्येक स्वराला त्याची त्याची तार जाब देते, असें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८६३ सालीं प्रतिपादिलें.

पुढें बुडापेस्टच्या टपालखात्याच्या प्रयोगशाळेंत टेलिफोनचें संशोधन करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यानें मृत माणसांचे कर्णशंख उघडून तो पडदा सूक्ष्मदर्शकाखालीं हालतांना पाहिला. दोरीचें टोंक झटकलें असतां तिच्यांतून लाट धांवावी, तशी लाट पडद्यावरून धांवते; उंच स्वरांची लाट आरंभींच उसळून विरते, खर्जाची टोंकापर्यंत जाते. या शोधाबद्दल १९६१ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि एक कोडें उरलें. बेकेशीला दिसलेली लाट बोथट व पसरट होती. जिवंत कान मात्र अगदीं लगतच्या दोन स्वरांतील भेद ओळखतो. ही तीक्ष्णता येते कोठून?

याचें धाडसी उत्तर दिलें टॉमस गोल्ड या तरुणानें. दुसऱ्या महायुद्धांत त्यानें रडारचें काम केलें होतें. सतारीची तार काकवींत बुडवून छेडली तर ती झंकारणार नाहीं. तिची शक्ति काकवींतच जिरेल. द्रवांत बुडालेल्या पडद्याचीही तीच गत व्हावयास हवी. ज्या अर्थीं ती होत नाहीं, त्या अर्थीं कान आपल्या पदरची शक्ति घालून हें नुकसान भरून काढीत असला पाहिजे, असें त्यानें १९४८ सालीं मांडलें. जुन्या काळच्या एका प्रकारच्या रेडिओ-यंत्राचा दृष्टांत त्याच्यापुढें होता. त्या यंत्रांत, बाहेर पडणाऱ्या लहरीचा कांहीं अंश पुनः आंत सोडीत; त्यामुळें क्षीण स्टेशनही स्पष्ट लागे. परंतु तो अंश वाजवीपेक्षां वाढला कीं यंत्र आपणच शीळ घालूं लागे. तेव्हां कानांतूनही केव्हां केव्हां शीळ निघावी, असें गोल्डनें ताडलें. त्या काळच्या मायक्रोफोनला ती सांपडली नाहीं, आणि त्याची कल्पना तीस वर्षें अडगळींत पडून राहिली.

१९७८ सालीं लंडनमध्यें डेव्हिड केम्प यानें कानाच्या छिद्रांत मायक्रोफोन बसवून आंतून परत येणारा अतिक्षीण ध्वनि पकडला. नवजात अर्भकाचें श्रवण तपासतांना आज हाच ध्वनि शोधतात. बाळाला बोलतां येत नाहीं, पण त्याचा कान उत्तर देतो.

हें काम करणाऱ्या पेशी कोणत्या, हें पुढें स्पष्ट झालें. कर्णशंखांत रोमपेशींच्या दोन जाती आहेत. आंतील सुमारें साडेतीन हजार पेशी मेंदूकडे वार्ता धाडतात. बाहेरील सुमारें बारा हजार पेशी विजेचा दाब बदलतांच लांब वा आंखूड होतात, असें विल्यम ब्राउनेल व त्याचे सहकारी यांनीं १९८५ सालीं दाखविलें. झोपाळ्यावरील मुलाला नेमक्या क्षणीं हलका रेटा द्यावा, तसा रेटा या पेशी लाटेला देतात. खरी खुबी पुढेंच आहे. ही मदत सर्वांना सारखी नसते. कुजबुजीसारख्या क्षीण ध्वनीचें आंदोलन त्या शंभरपट ते हजारपट वाढवितात. मोठ्या गलक्याला मात्र जवळजवळ हातच लावीत नाहींत.

वार्धक्यानें किंवा दीर्घकाळच्या गोंगाटानें बहुधा या बाहेरील पेशी प्रथम मरतात, आणि मनुष्याच्या कानांत त्या पुनः उगवत नाहींत. मग हळू बोलणें हरवतें, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ‘मोठ्यानें बोल’ आणि ‘ओरडूं नकोस’ या दोन वाक्यांमधील अंतर असें अरुंद होऊन बसतें. त्यांतही स, त, क यांसारखीं व्यंजनें क्षीण आणि उंच. तींच आधीं निसटतात. साठ, काठ आणि पाठ हे शब्द मग एकच होतात.

सर्व ध्वनि सारख्याच पटीनें वाढविणारीं जुनीं श्रवणयंत्रें कां टाकून दिलीं जात, हें यावरून कळेल. शब्द ऐकूं येई, पण भांडें पडलें कीं डोकें उठे. अमेरिकेंतील एडगर व्हिल्चर यानें १९७३ सालीं निराळा मार्ग दाखविला: उंच व खालचे स्वर वेगळे करावे आणि प्रत्येक पट्ट्यांत क्षीण ध्वनीला पुष्कळ, मध्यमाला थोडी व मोठ्याला नाममात्र वाढ द्यावी. आजचीं बहुतेक श्रवणयंत्रें याच तत्त्वावर चालतात. म्हणजे गेलेल्या पेशींची शिकवण यंत्रानें उचलली आहे. १९८८ सालीं रिचर्ड लायन व कार्व्हर मीड यांनीं तर कर्णशंखाची लाट विद्युत्-मंडलांत उतरवून दाखविली.

तरीही यंत्राला मर्यादा आहे. शक्ति परत देतां येते; गेलेली तीक्ष्णता पुरती परत देतां येत नाहीं. म्हणून शांत खोलींत नीट ऐकणारे आजोबा लग्नाच्या पंगतींत गोंधळतात. यंत्र त्यांच्या श्रवणाच्या आलेखाप्रमाणें जुळवून घ्यावें लागतें, पुनः पुनः दुरुस्त करावें लागतें, आणि नव्या आवाजांची संवय होण्यास मेंदूला कांहीं आठवडे द्यावे लागतात. पहिल्या चार दिवसांच्या त्रासानें तें कपाटांत गेलें, तर पैसा वायां जातोच, शिवाय घरांतील एक माणूस संभाषणांतून उठून जातो. त्यांच्यासमोर, चेहरा दिसेल असें बसावें, रेडिओ क्षणभर बंद करावा आणि आवाज न चढवितां सावकाश बोलावें. एवढें घरच्यांनीं केलें तर यंत्राचें उरलेलें पुष्कळसें काम होतें.