हळदीच्या पेठेत संशोधकांचे स्वागत



औषधी वनस्पतींची परिषद सांगलीत भरते, तेव्हा पहिला मान हळदीचा. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली ती वर्षानुवर्षे टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी आजही हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. तो रंग मुख्यतः कुरकुमिनचा.

अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. या लढ्याचा सांगलीकरांना अभिमान आहेच. पण त्यातून सिद्ध झाले ते ज्ञानाचे जुनेपण. हळद कोणत्या जंतूवर, किती मात्रेत आणि कशी चालते, हे प्रयोगशाळेनेच सांगायचे आहे.

ते सोपे नाही. कुरकुमिनचा जीवाणूंवरील परिणाम १९४९ मध्येच ‘नेचर’मध्ये छापून आला, तरीही त्यापासून सर्वमान्य प्रतिजैविक झालेले नाही. हे द्रव्य पाण्यात जवळपास विरघळत नाही, पोटातून रक्तात फारच थोडे पोहोचते.

चाचणीतही ते चकवते. जीवाणू पसरलेल्या अगारच्या बशीत अर्काची चकती ठेवली, की जिथे जीवाणू वाढत नाहीत तिथे स्वच्छ कडे दिसते. कुरकुमिन अगारमध्ये नीट पसरतच नाही, म्हणून लहान कडे म्हणजे दुबळे औषध असे म्हणता येत नाही. उलट अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर ते कडे अल्कोहोलचेही असू शकते! कुरकुमिनचा गडद पिवळा रंग तर रंगावर आधारलेली मोजणीच बिघडवतो.

म्हणून स्वागत समितीची सर्व निबंधवाचकांना आग्रहाची विनंती आहे. हळद सेलम की राजापुरी, कुठल्या रानातली, अर्क कशात काढला, नुसत्या द्रावकाची चकती शेजारी ठेवली होती का, वाढ थांबवणारी किमान मात्रा किती, हे व्यासपीठावरून सांगावे. कडे उमटलेच नाही, असे निबंधही इथे तितक्याच आदराने ऐकले जातील. त्यांच्यासाठी उद्या सकाळचे पहिले सत्र राखून ठेवले आहे.