शिंगरू एका झटक्यात तोडू नका



जिल्ह्याच्या मेळाव्यात कापूस आणि ज्वारीचे बोलणे होतेच. आज आम्ही घोडीचा विषय घेऊन उभे आहोत. कोणी म्हणेल, आता घोडी उरली कुणाकडे? खरे आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. पण कोरडवाहू मुलखात ज्याच्या दावणीला घोडी आहे, त्याची ती हौस नाही. लग्नसराईतली वरात आणि विकायला येणारे शिंगरू, हा तिचा हिशेब. पावसाने दगा दिला की शिंगरू हेच पीक.

हे पीक आपण काढतो कसे? मार्गशीर्षात सारंगखेड्याचा घोडेबाजार, पाठोपाठ माळेगावची खंडोबाची जत्रा. बाजाराची तारीख धरून शिंगरू आईपासून तोडायचे, त्याच दिवशी टेंपोत चढवायचे आणि अनोळखी जागी एकटे बांधायचे. आई गेली, दूध गेले, जागा गेली, सोबत गेली. चार घाव एकाच दिवशी. शिंगरू रात्रंदिवस खिंकाळते, येरझाऱ्या घालते, खाणे टाकते, अंगाने उतरते. मग गिऱ्हाईक तेच उतरलेले अंग दाखवून भाव पाडते.

दूध तोडणे चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. मोकळ्या कळपातली घोडी साधारण नऊ-दहा महिने पाजते आणि पुढचे वेत जवळ आले की स्वतःच शिंगराला दूर करते. पाळणारे लोक चार ते सहा महिन्यांत तोडतात. घोडीचे दूध तिसऱ्या महिन्यानंतर उतरत जाते, शिंगरू चरायला शिकलेले असते, आणि घोडी पुन्हा गाभण असेल तर पोटातल्या जिवालाही पोसायचे असते. तोडायचे जरूर, पण टप्प्याटप्प्याने.

इंग्लंडमध्ये संशोधकांनी २२५ शिंगरे चार वर्षे पाहिली आणि २००२ साली निष्कर्ष छापले. कोंडून तोडलेल्या शिंगरांना मोकळ्या कुरणात तोडलेल्यांपेक्षा जास्त खोडी लागल्या. तोडल्यावर दाण्याचा खुराक दिलेल्यांत गव्हाणीचे लाकूड दातात धरून वारा ओढण्याची खोड चौपट दिसली. ही खोड सहसा सुटत नाही, आणि खोडीचे जनावर बाजारात कोण घेतो?

मग करायचे काय? महिनाभर आधी शिंगराला चाऱ्याची सवय लावा. पोट चाऱ्यावर भरू द्या, दाणा बेताने द्या. आधी रोज थोडा वेळ वेगळे करा. मग मधे मजबूत कुंपण घाला. आई दिसावी, वास यावा, पण पिता येऊ नये. काटेरी तार मात्र नको. तोडायच्या दिवशी घोडी हलवा, शिंगरू ओळखीच्या जागीच राहू द्या. त्याला एकटे ठेवू नका. दुसरे शिंगरू किंवा शांत म्हातारी घोडी सोबतीला द्या. खच्चीकरण, लस, प्रवास यांतले काहीही त्या आठवड्यात नको.

घोडीकडेही बघा. तीही हाका मारते, तिची कास तटतटते. आठवडाभर आधीपासून तिचा दाणा कमी करा. दया येऊन कास पिळू नका. पिळली की दूध येतच राहते. तशीच ठेवली तर आठ-पंधरा दिवसांत दूध आटते. कास गरम, दगडासारखी झाली किंवा ताप आला, तर मात्र जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

आपल्या घरच्या मालाबद्दलही सांगतो. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचे विष असते, ते कोवळ्या जनावराला बाधते. शिंगरापुढे ढेप टाकू नका. कोवळ्या हिरव्या ज्वारीतही विष असते, शिवाय हिरव्या ज्वारीवर चरणाऱ्या घोड्याला मूत्राशयाचा रोग होऊन मागचे पाय लुळे पडतात. नीट वाळलेला, बुरशी नसलेला कडबा चालतो.

भावांनो, ही घाई शिंगराची नाही, आपल्या रिकाम्या खिशाची आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून बाजाराच्या तारखेपासून दीड-दोन महिने मागे मोजा आणि तेव्हाच सवय लावायला घ्या. वेळ निघून गेली असेल तर सौदा ठरवून विसार घ्या आणि शिंगरू सावरल्यावर हवाली करा, नाहीतर मायलेकरे जोडीनेच विका. एकेकट्याच्या घरी शिंगराला सोबत कुठून मिळणार? म्हणून आसपासच्या चार गावांतल्या घोडीवाल्यांनी एका वाड्यात शिंगरे एकत्र ठेवावीत आणि घोड्या एकेक करून बाहेर काढाव्यात. त्याला ना अनुदान लागते, ना कुणाची परवानगी. घोडीवाल्यांनी आज जेवणाच्या सुट्टीत एकमेकांची गावे विचारून घ्यावीत, एवढेच आमचे मागणे आहे.