वकिलावांचून दाद : विम्याचा नाकारलेला दावा

घरांतील कर्ता पुरुष गेल्यावर पंधरवड्यानें कपाटांतून एक लखोटा निघतो. त्यांत आयुर्विम्याचें विमापत्र असतें, हप्त्यांच्या पावत्या असतात, आणि त्या घराला प्रथमच थोडा धीर येतो. पत्नी अर्ज भरते, मृत्यूचा दाखला जोडते, आणि कांहीं आठवड्यांनीं कंपनीचें उत्तर येतें कीं, मयत विमेदारानें विमा उतरवितांना आपला मधुमेह लपविला होता, सबब दावा नामंजूर. पत्र बहुधा इंग्रजींत असतें. शेजारचे जाणते गृहस्थ तें वाचून मान हलवितात आणि म्हणतात, "आतां वकील पाहा." वकिलाच्या फीचा आंकडा ऐकून बाई घरीं परततात, आणि प्रकरण तेथेंच संपतें.

शेजाऱ्यांचा सल्ला वाईट हेतूचा नाहीं. घाईचा मात्र खास आहे. कारण या तंट्यांत अशी एक पायरी आहे कीं जेथें वकिलाला उभें राहण्याची परवानगीच नाहीं. बाजू मांडावयाची ती वारसानें स्वतःच.

परंतु त्या पायरीवर चढण्यापूर्वीं आपल्या हातीं काय आहे हें पाहिलें पाहिजे. 1938 च्या विमा कायद्याचें 45 वें कलम हें या घरांचें मुख्य शस्त्र. 2015 सालीं झालेल्या दुरुस्तीनें या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, तीन वर्षें उलटल्यावर आयुर्विम्याच्या विमापत्रावर कंपनीला कोणत्याहि कारणास्तव आक्षेप घेतां येत नाहीं. अगदीं कपटाच्या कारणासाठींहि नाहीं. हीं तीन वर्षें विमापत्र दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, किंवा बंद पडलेलें विमापत्र पुन्हां चालू केल्याची तारीख, यांपैकीं जी सर्वांत शेवटची तीपासून मोजतात. म्हणून हप्ते थकून विमा मध्यंतरीं बंद पडला होता काय, ही चौकशी घरांतच आधीं करावी. दहा वर्षांपूर्वीं घेतलेला विमा गेल्या वर्षीं पुन्हां चालू केला असेल, तर तो या हिशेबीं एक वर्षाचाच.

तीन वर्षांच्या आंतील प्रकरण अधिक नाजूक. तेथें माहिती दडविली या कारणावरून दावा नाकारतां येतो. मात्र कोणत्या कारणावरून आणि कोणत्या पुराव्यावरून नाकारला हें कंपनीनें वारसांना लेखी कळविलेंच पाहिजे. दडविलेली गोष्ट महत्त्वाची होती, म्हणजे ती ठाऊक असती तर विमापत्र दिलेंच नसतें, हें दाखविण्याचा भार कंपनीवर असतो. शिवाय कारण कपटाचें नसून केवळ चुकीच्या माहितीचें असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांच्या आंत परत करणें कंपनीला भाग आहे. कित्येक घरांना ही शेवटची गोष्ट ठाऊकच नसते, व दावा गेला त्याबरोबर हप्तेहि गेले असें समजून तीं गप्प बसतात. कपटाचा आरोप असेल तर मात्र गोष्ट कठीण. विमेदार हयात नसल्यामुळें तो आरोप खोडून काढण्याचा भार कायद्यानें वारसांवर टाकला आहे. जो माणूस उत्तर देऊं शकला असता तोच नाहीं, आणि उत्तर मागितलें जातें त्याच्या विधवेकडून; या तरतुदीला न्याय्य म्हणणें जड जातें.

न्यायालयांचे निकालहि एकाच दिशेचे नाहींत. 2015 सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत विमेदारानें कमरेच्या मणक्याचें दुखणें सांगितलें नव्हतें, पण मृत्यु हृदयविकारानें झाला. तेवढ्यावरून दावा नाकारणें न्यायालयानें मान्य केलें नाहीं. उलट 2019 व 2020 च्या निकालांत माहिती दडविण्याकडे त्याच न्यायालयानें कठोर दृष्टीनें पाहिलें. एजंटानें अर्ज भरला, विमेदारानें न वाचतां सही केली, हें समर्थन आतां फारसें टिकत नाहीं, हें विमा उतरविणाऱ्यांनींहि ध्यानांत ठेवावें.

आतां पहिलें पाऊल. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पत्र लिहावें. त्यांत दुःखाचें वर्णन नको. विमापत्राचा क्रमांक, मृत्यूची तारीख, नकाराच्या पत्राची तारीख, आणि दोन मागण्या एवढेंच असावें: प्रस्तावाच्या अर्जाची प्रत द्यावी, आणि मधुमेह जुना होता असें ज्या कागदावरून म्हटलें त्या कागदाची प्रत द्यावी. पुष्कळदां तो कागद म्हणजे रुग्णालयाच्या केसपेपरवरील घाईनें लिहिलेली एक ओळ असते, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हेंहि त्यांत नसतें. पत्र स्पीड पोस्टनें पाठवावें, किंवा हातीं देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोंच घ्यावी. कचेरींतील कारकुनानें तोंडीं दिलेलें आश्वासन कितीहि गोड असलें तरी पुढें तें कोणी वाचून दाखवूं शकत नाहीं. याच सुमारास "दावा काढून देतों, चौथाई आमची" असें म्हणणारे मध्यस्थहि दारीं येतात. त्यांना एकहि मूळ कागद देऊं नये.

महिनाभर उत्तर आलें नाहीं, किंवा आलेलें उत्तर समाधानकारक नसलें, म्हणजे विमा लोकपालाकडे जातां येतें. ही व्यवस्था 1998 पासून आहे, आणि सध्यां ती 2017 च्या नियमांनीं चालते. महाराष्ट्रांत मुंबई व पुणें येथें लोकपालाच्या कचेऱ्या आहेत. फी नाहीं, 50 लाख रुपयांपर्यंतचा तंटा तेथें चालतो, तक्रार नकारानंतर एक वर्षाच्या आंत करावी लागते, आणि तोच तंटा कोर्टांत किंवा ग्राहक आयोगापुढें चालू असतां कामा नये. 2021 च्या दुरुस्तीनंतर तक्रार ऑनलाइनहि देतां येते व सुनावणी व्हिडिओवरून होऊं शकते.

सुनावणीला बाईंनीं स्वतः बोलावें, आणि तारखांच्या क्रमानें बोलावें. "यांना मधुमेह नव्हता" एवढें म्हणून भागत नाहीं. नोकरींतील वैद्यकीय तपासणीचा कागद किंवा नेहमींच्या डॉक्टरांचा दाखला पुढें ठेवावा. मधुमेह खरोखरच होता असें असेल तर तें नाकारूं नये. तो केव्हां कळला, आणि मृत्यूशीं त्याचा संबंध होता काय, यावर बोलावें. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, व त्याची अंमलबजावणी तीस दिवसांत करावी लागते.

निवाडा विरुद्ध गेला तरी वारसाचे हात बांधले जात नाहींत. जिल्हा ग्राहक आयोगाचें दार उघडें राहतें. तेथेंहि स्वतः बाजू मांडतां येते, आणि भरलेला हप्ता पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. प्रकरण तेथें गुंतागुंतीचें वाटूं लागलें, तर वकील घेणेंच शहाणपणाचें. पण त्यासाठीं दागिने मोडण्याचें कारण नाहीं. 1987 च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें कोणत्याहि स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारांत विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. 15100 या क्रमांकावर फोन करूनहि चौकशी करतां येते.

आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, आणि कंपनी ती नकाराच्या तारखेपासूनच मोजून दाखविते. लोकपालाकडे गेलेले महिने त्यांतून वजा होतील असें धरून चालूं नये. म्हणून नकाराचें पत्र हातीं येईल त्याच दिवशीं त्यावरील तारीख घरांतल्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहून ठेवावी, आणि पाकीट टाकून देऊं नये. टपालाचा शिक्का पाकिटावर असतो.