आधी काठ, मग ऊद

ढालेगाव, मुदगल, दिग्रस... आपल्या परभणी जिल्ह्यात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, बंधारे झाले. पाणी थांबलं, मासे आहेत. मग इथं ऊद, म्हणजे पाणमांजर, आणून सोडला तर?

नेदरलँड्समध्ये हा प्रयोग झाला. तिथली पाणमांजरं १९८८च्या सुमारास संपली. नद्या सुधारल्यावर २००२पासून बाहेरून आणून सोडली. वंश वाढला, पण गाड्यांखाली मरणारीही पुष्कळ!

आपला ऊद सात ते अकरा किलोचा. बोटांना पडदे, शेपूट चपटी. राहतो कुटुंबकबिल्यासह. मासे खाऊन झाले की अंग कोरडं करायला वाळूत लोळतो. पिलांसाठी बीळ करतो काठाच्या मातीत, झाडांच्या मुळांत. इथंच घोडं अडतं. वाळू उपसलेली, नांगर थेट पाण्यापर्यंत. प्राणी ज्या कारणानं नाहीसा झाला ते आधी दूर करा, असं जागतिक निसर्ग संवर्धन संघाची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

दुसरी बाजू भोई बांधवांची. ऊद जाळ्यातले मासे पळवतो, जाळंही फाडतो. त्या नुकसानीची भरपाई कोण देणार, हे पहिला पिंजरा उघडण्याआधीच ठरायला हवं.