अंगणाखालची टाकी आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत भाषेवर, शाळांवर, वॉर्डाच्या राजकारणावर पुष्कळ बोलणे होते. आजचा विषय नाक मुरडायला लावणारा आहे : घरचा सेप्टिक टँक. मी बँकेतला कारकून, इंजिनिअर नव्हे. पण हा विषय शेवटी हिशेबाचाच आहे. टाकीत भरणा रोज होतो. काढणी वेळेवर झाली नाही तर खाते एक दिवस ओसंडतेच.

धार-देवासचे आपले जुने वाडे पवारांच्या राजवटीतले. तेव्हा टोपलीचे संडास होते आणि मागच्या बोळातून मैला डोक्यावर वाहून नेणारी माणसे होती. पुढे टाक्या आल्या, वाड्यांच्या वाटण्या झाल्या, टाकीवर फरशी बसली, कुठे खोलीही चढली. आता टाकी नेमकी कुठे, हे घरातल्या एखाद्या आजोबांनाच ठाऊक असते. म्हणून पहिले काम, जागा शोधून खूण करून ठेवा. मंजूर नकाशाची प्रत घरात नसेल तर घरकर्जाच्या फायलीत बहुधा सापडते.

टाकीत जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग वर सायीसारखा तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. मैला तिथे पूर्ण नाहीसा होत नाही, साठत राहतो. गाळ व साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा भरला, की उपसा करायलाच हवा. साधारण कुटुंबाला दोन-तीन वर्षांत ही वेळ येते. "आमची टाकी वीस वर्षांत कधी भरली नाही" असे अभिमानाने सांगणारे भेटतात. त्याचा अर्थ बहुधा असा, की तळ फुटला आहे किंवा मैला सरळ नालीत चालला आहे.

तपासणी अवघड नाही. लांब काठीच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळून हळूच तळापर्यंत सोडा, थोडे थांबा आणि वर काढा. जितका भाग काळा, तितका गाळ. झाकण उघडल्यावर आधी बराच वेळ दूर राहा, आत वाकून पाहू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. काडी, बिडी, दिवा मुळीच नको. आतला मिथेन पेट घेतो. वायूच्या नळीची जाळी शाबूत आहे का, झाकणाला भेग आहे का, हेही पाहा. पावसाचे पाणी टाकीत सोडू नका. ॲसिड-फिनाईलच्या बाटल्या ओतू नका. मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

आपल्या माळव्यात आणखी एक अडचण आहे. वर काळी माती, खाली भेगाळलेला काळा खडक. पावसाळ्यात काळी माती पाणी शोषत नाही आणि खडकाच्या भेगांतून मैलापाणी दूरवर जाते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. भेगाळ खडकात तेवढेही पुरेसे असतेच असे नाही. आपल्या किती वाड्यांत विहीर आणि खड्डा यांत तेवढे अंतर आहे? १९९० मध्ये देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तहान पाहिलेल्या गावाने भूजल नासवणे शोभत नाही. शेजारच्या इंदूरला, भागीरथपुऱ्यात, २०२५ च्या डिसेंबरात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि अनेकांचे प्राण गेले. विहिरीचे, बोअरचे पाणी वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, तपासून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१७ साली देवास जिल्ह्यातच, पिपलरावां येथे, सेप्टिक टँकमध्ये चार जण गुदमरून मेले. सडक्या अंड्याचा वास येणारा वायू जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. वाचवायला उतरणारा दुसराही तिथेच पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणे गुन्हा आहे, आणि त्यातून घरमालक सुटत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. पण कायद्याची भीती हे कारण दुय्यम समजा. टोपली गेली म्हणून आपण समाधान मानले आणि त्याच वस्तीतल्या माणसाला चार पैसे वाचवण्यासाठी टाकीत उतरवले, तर बदलले काय?

२०२१ मध्ये सफाईमित्र सुरक्षा स्पर्धेत देवास आपल्या गटात देशात अव्वल ठरले. चार मृत्यूंनंतर चारच वर्षांत हे घडले, म्हणजे मनात आणले तर होते. उपसा करणारी गाडी बोलवायला १४४२० हा क्रमांक आहे.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाने सभासदांच्या घरांची वही करावी : टाकी कुठे, शेवटचा उपसा कधी, पुढचा कधी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पार्षदाला आपण तीन प्रश्न विचारावेत. अरुंद गल्लीत शिरेल अशी छोटी गाडी आहे का? उपशाचे दर लिहून लावले आहेत का? उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो, की रात्री नाल्यात? या प्रश्नांना जात-पात, पक्ष, भाषा काही नाही. आपण या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, इथल्या विहिरींचे पाणी प्यालो. त्या पाण्याचे देणे आपल्या अंगणापासून फेडायला लागू या.

जय हिंद, जय मध्य प्रदेश.