सायकलची सीट आणि गुडघ्याचे दुखणे

बुऱ्हाणपूर हे मागांचे गाव. फारुकी सुलतानांच्या अमदानीत खानदेशची राजधानी असलेल्या या तापीकाठच्या शहरात आज यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि मोटारसायकलींच्या एवढ्या गर्दीतही पाळी सुटताना सायकलीवरून घरी परतणारे कामगार दिसतातच. पाळीभर मागापुढे उभे राहावयाचे आणि मग त्याच पायांनी पायडल मारीत घर गाठावयाचे, हा अशा माणसाचा नित्यक्रम. चाळिशी उलटली की एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरू लागतो. जिना उतरताना वाटीखाली कळ येते, मांडी घालून बसले की उठताना हात टेकावा लागतो. घरची माणसे तेल चोळून देतात आणि म्हणतात, "आता सायकल सोडा." पण सायकल सोडणे म्हणजे रोजच्या मजुरीतून रिक्षाचे भाडे काढणे, नाही तर मोटारसायकलीच्या हप्त्यांना मान देणे.

तेव्हा सायकल सोडण्यापूर्वी तिच्याकडे एकवार नीट पाहणे इष्ट होईल. बहुतेक वेळा दिसते ते असे, की सीट फार खाली आहे.

असे का होते, याचे उत्तर लहानपणात सापडते. मूल प्रथम दांड्याखालून पाय घालून 'कैची' चालविते, मग दांड्यावर येते आणि शेवटी सीटवर बसते. तेथे बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा त्याचा पहिला हट्ट असतो. जुन्या शहरातील गल्ल्या हा हट्ट मोठेपणीही सुटू देत नाहीत. इतवारा वेशीच्या आत दहा पावलांवर हातगाडी, पुढे शेळी, त्यापुढे भावाची घासाघीस चालू असलेली गर्दी. दर क्षणी पाय टेकावा लागतो. मग सीट लावली जाते ती थांबण्याच्या सोयीने, चालविण्याच्या नव्हे. कित्येक सायकलींची सीट तर वडिलांनी किंवा आधीच्या मालकाने लावली तेथेच गंजून बसलेली असते.

याचा दंड गुडघा भरतो. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो, आणि तशा दुमडलेल्या स्थितीतच जोर लावावा लागतो. मांडीचा स्नायू त्या वेळी गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर दाबून धरतो. एकदा दाबल्याने काही बिघडत नाही. परंतु पुढे ४४ दात आणि मागे १८ दात असलेल्या साध्या २८ इंची सायकलीला एका किलोमीटरला पायडलचे सुमारे १८० फेरे पडतात. जाऊन येऊन आठ किलोमीटर धरले, तर प्रत्येक गुडघा रोज चौदाशेहून अधिक वेळा तसा दाबला जातो.

सीटच्या उंचीचे मोजमाप हा काही केवळ मिस्त्रीच्या अंदाजाचा विषय नाही. इंग्लंडमध्ये हॅमली आणि टॉमस यांनी १९६७ साली याविषयी प्रयोग प्रसिद्ध केले. जांघेपासून जमिनीपर्यंतच्या पायाच्या लांबीच्या १०९ टक्के अंतर सर्वांत खालच्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे, असे त्यांतून निघाले. पाय ७८ सेंटिमीटर असेल तर हे अंतर ८५ सेंटिमीटर येते. त्यांचे लक्ष कमी श्रमात अधिक काम होण्याकडे होते. गुडघ्याची काळजी घेणारे पुढील जाणकार, पायडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंशांनी वाकलेला असावा, असे सांगतात.

घरी पट्टी-कोनमापक नसले तरी अडत नाही. भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, पायडल तळाशी आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूस कलता कामा नये. मग चालविताना टाचेऐवजी चवडा पायडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप उरतो. बहुतेकांच्या पायाचा मध्यभाग पायडलवर असतो, आणि त्यातही स्लीपर घसरते. चवड्याने दाबण्याची सवय जाणूनबुजून लावावी लागते.

सीट मागेपुढे सरकविण्यासाठीही एक खूण आहे, आणि मागवाल्यांच्या गावात तिला लागणारे सूत मागायला जावे लागणार नाही. सुताला एक नट बांधावा. क्रँक आडवी ठेवून, पुढच्या पायाच्या वाटीच्या खालून ते सूत सोडावे. ते पायडलच्या आसाजवळ पडावे. फार पुढे पडले तर सीट थोडी मागे न्यावी. ही ढोबळ खूण आहे, शास्त्रवचन नव्हे.

उंची मात्र एकदम वाढवू नये. सीट फार वर गेली तर दुखणे गुडघ्याच्या पुढून मागे जाते आणि कंबर डावी-उजवीकडे हेलकावे खाते. अर्धा सेंटिमीटर वाढवावी, चार-सहा दिवस चालवून पाहावे, मग पुन्हा पाना हाती घ्यावा. सीटखालचा दांडा निदान अडीच इंच नळीत राहिलाच पाहिजे, नाही तर तो वाकतो किंवा मोडतो. अडीच इंच आत ठेवूनही उंची पुरत नसेल तर लांब दांडा घ्यावा. वाकलेले पायडल किंवा क्रँक असेल तर तेही बदलावे, कारण प्रत्येक फेऱ्याला ते गुडघा आडवा पिळते.

राहिला गल्लीतला पाय टेकण्याचा प्रश्न, आणि खरी अडचण तीच आहे. उंच सीटवरून बसल्या बसल्या पाय टेकत नाही. थांबताना सीटवरून पुढे सरकून एक पाय जमिनीवर घ्यावयाचा, ही सवय पन्नाशीच्या माणसाला पडण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. ती मोकळ्या मैदानात, कॅरिअरवर ओझे नसताना करावी. असीरगडाच्या बाजूला चढ लागला आणि मागे कापडाचे गाठोडे असले, तर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. मागे १८ ऐवजी २० दातांचे फ्रीव्हील बसविले तर रोजचाच जोर कमी होतो.

गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल, रात्री निजलेल्या अवस्थेतही दुखत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागला असेल, तर मात्र पाना ठेवून डॉक्टरांकडे जावे.

एकच सायकल बापलेक दोघे वापरीत असतील, तर सीटखालच्या दांड्यावर दोन रंगांच्या दोन खुणा करून ठेवाव्यात आणि नटाला थोडे तेल द्यावे. पाळी बदलली की सीट बदलायला मग दोन मिनिटेही लागत नाहीत.